एआयने काढलेले चित्र आणि छापण्याजोगे डिझाइन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती, नवरात्र आणि दिवाळीनंतरची लग्नसराई हे तीन हंगाम बडोद्यातल्या छोट्या डिझायनरांना आणि छापखान्यांना वर्षभर पोसतात. आता या हंगामांत ग्राहक येतो तो मोबाइलमध्ये एआयने काढलेले चित्र घेऊनच. "डिझाइन तयार आहे, फक्त छापून द्या" ही त्याची मागणी, आणि डिझाइनचे पैसे वेगळे कशाला हा पुढचा प्रश्न. एआयमुळे डिझायनर राहणार की जाणार यावर पुष्कळ चर्चा होते. आमच्या टेबलांवर मात्र गोष्ट वेगळीच दिसते. चित्र काढणे झपाट्याने स्वस्त झाले आणि ते चित्र छापण्याजोगे करण्याचे काम त्याच वेगाने वाढले. या वाढलेल्या कामाची बिलात ओळ नसते, म्हणून ते काय असते ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी माप. अनेक साधनांचे नेहमीचे चित्र १०२४ × १०२४ पिक्सेल किंवा त्याच्या आसपास असते. ऑफसेट छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हे चित्र ३.४ इंचांपर्यंत, जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर, स्वच्छ छापता येते. ए-४ कागदाला २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत. मंडळाचा २० × १० फुटी फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने केला तर फाइल १७,२८० × ८,६४० पिक्सेलची होते. तेच १०२४ पिक्सेलचे चित्र २० फुटांवर ताणले की एकेक पिक्सेल सहा मिलिमीटरचा दिसतो. लांबून पाहायच्या फलकाला इंचाला ३० पिक्सेल चालून जातात, ४ चालत नाहीत. त्यातून चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की ते आणखी दाबले जाते. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

चित्र मोठे करणारी एआय साधने आहेत आणि आम्ही ती वापरतो. नसलेला तपशील ती अंदाजाने भरतात. आकाश, भिंत, कापड यांना हा अंदाज चालतो, चेहऱ्याला चालत नाही. श्रद्धांजलीच्या फलकासाठी आजोबांचा जुना फोटो असा मोठा केला की भुवया, चामखीळ, दातांची ठेवण बदलते आणि घरच्यांनाच तो माणूस परका वाटतो. अशा कामात चेहऱ्यापुरते मूळ स्कॅन वरच्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, ठेवावे आणि साधनाला फक्त मागची बाजू करू द्यावी.

चौकोनी चित्र ७ × ५ इंची पत्रिकेत बसवताना एक तर कापावे लागते, नाही तर वाढवावे लागते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र, हवे, मजकूर कापाच्या रेषेपासून ५ मिलिमीटर आत हवा. एआय नक्षीची चौकट अगदी कडेला चिकटवून काढते. कटिंगला गठ्ठा अर्धा मिलिमीटर सरकला तरी एका बाजूची चौकट जाड आणि समोरची बारीक दिसते, आणि दोष छापखान्यावर येतो.

रंगांचे दुखणे याहून खोल आहे. एआयचे चित्र पडद्यासाठी, म्हणजे आरजीबीत (लाल, हिरवा, निळा या प्रकाशांच्या मिश्रणात) असते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांनी होते. झळाळता भगवा, पोपटी हिरवा, मोरपंखी निळा पडद्यावर जसा दिसतो तसा या चार शायांतून निघतच नाही, रूपांतर केले की तो मळकट होतो. भगव्यात निळसर शाईचा अंश राहिला तर तो विटकरी दिसतो, म्हणून ती शाई हाताने उतरवावी लागते. काळ्याचे आणखी वेगळे. फोटोशॉपच्या मूळ सेटिंगमध्ये आरजीबीतला शुद्ध काळा बदलला की साधारण ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के असा चार शायांचा मिळून ३०० टक्के होतो. आर्ट पेपरवर मोठ्या काळ्या भागाला हे कसेबसे चालते. पण ८ पॉइंटचे अक्षर या चार शायांत गेले आणि छपाईची प्लेट केसभर हलली, की अक्षराभोवती लाल-निळी झालर येते. बारीक मजकूर १०० टक्के काळ्या एकाच शाईत हवा. चित्रातच चिकटलेला मजकूर तसा वेगळा काढता येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो.

चित्र रंगांत फोडणे ही या शहराला नवी गोष्ट नाही. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव महाराजांसाठी रंगवलेली पौराणिक चित्रे इथेच आहेत. पुढे १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला आणि चित्रे घरोघरी गेली. त्या ओलिओग्राफसाठी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांसाठी, प्रत्येक रंगछटेचा दगड वेगळा असे, आणि कुठल्या दगडावर काय जाईल ते ठरवणारे कारागीर वेगळे असत. देवघरातल्या लक्ष्मीखाली त्यांचे नाव नाही. मूळ चित्र आणि छापलेला कागद यांच्यामधले हे काम तेव्हाही कौशल्याचे होते आणि आजही आहे. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन निघाले, दादासाहेब फाळके तिथे शिकले. चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि तंत्र शिकवण्याचा तो विचार आज पुन्हा आठवतो.

आता अक्षरे. खरी हानी इथेच होते. आपण मराठी टाइप करतो तेव्हा अक्षरे एका क्रमाने साठतात आणि फॉन्टमधले नियम त्यांच्या जागा लावतात. 'कि' मध्ये आधी क साठतो, मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी पुढे उभी राहते. 'अर्क' मधला र आधी साठतो आणि पुढच्या क च्या डोक्यावर जाऊन बसतो. चित्र बनवणारी एआय साधने फॉन्टचे हे नियम चालवत नाहीत, अक्षराचा आकार फुलापानांसारखा रंगवतात. शिकताना त्यांच्यापुढे रोमन लिपी सर्वाधिक आणि देवनागरीतली बहुतेक हिंदी आलेली असते. त्यामुळे ळ चा ल होतो, 'वऱ्हाडी'चा र कुठे तरी हरवतो, 'ज्येष्ठ' आणि 'इष्ट' यांतली जोडाक्षरे सारखीच दिसतात, अनुस्वार गळतो, शिरोरेखा मधेच तुटते किंवा दोन शब्दांवरून सलग धावते. ल आणि श यांचे वळण हिंदीचे येते. नव्या साधनांत दोन-चार शब्दांचे ठळक शीर्षक आता पुष्कळदा बरोबर येते, आणि त्यामुळे धोका वाढला आहे. वरचे 'शुभविवाह' नीट दिसले की खालचे 'चि. सौ. कां.' आणि कार्यालयाचा पत्ता कोणी अक्षर अक्षर वाचत नाही.

बडोद्याची एक खास अडचण आहे. इथल्या पत्रिका आणि फलक पुष्कळदा मराठी आणि गुजराती अशा दोन लिप्यांत असतात. गुजरातीला शिरोरेखा नाही, पण बरीच अक्षरे देवनागरीला जवळची. अ, क, ज, फ, ब अशी काही मात्र निराळी. एआय एकाच ओळीत दोन्ही मिसळते, गुजराती अक्षरांवर रेघ चढवते किंवा देवनागरीची रेघ पुसून त्याला गुजराती समजते. दोन्ही लिप्या येणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय अशी फाइल प्लेटला जाऊ नये.

पंचांगाचेही तसेच. मराठी पत्रिकेत शके असते, ते चैत्रात बदलते. गुजराती पत्रिकेत विक्रम संवत, तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो. त्यामुळे कार्तिक ते फाल्गुन दोन्हींत १३५ चा फरक असतो आणि चैत्र ते आश्विन १३४ चा. एआयला मजकूर लिहायला सांगितला की ते कधी उत्तरेकडची गणना घेते. तिथे संवत चैत्रातच बदलतो आणि महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचे नाव पुढचे येते. आपली मराठी आणि गुजराती, दोन्ही पंचांगे अमावास्येला महिना संपवणारी. वार, तारीख, तिथी, शके आणि संवत हे पाचही पंचांग समोर ठेवून जुळवावेत.

यावर आमची पद्धत साधी आहे. साधनाकडून चित्र घेताना अक्षरे मुळीच नकोत असे सांगायचे आणि मजकुरासाठी मोकळी जागा मागायची. मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेले नसेल तर शुद्ध टाइप केलेले जोडाक्षरही फुटते, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. युनिकोडआधीच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर कचरा दिसतो, तो रूपांतर करून घ्यावा आणि रूपांतरानंतर ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ ही अक्षरे मुद्दाम शोधून वाचावीत. शेवटी एका माणसाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे, ग्राहकाची प्रूफवर सही घ्यायची आणि मगच अक्षरे कर्व्ह करायची, म्हणजे टाइपचे नुसत्या आकारांत रूपांतर करायचे. कर्व्ह केल्यावर चूक दुरुस्त करणे म्हणजे ती ओळ नव्याने लावणे.

चित्रातला मजकूर शुद्ध असला तरी चित्र शुद्ध असेलच असे नाही. नऊवारीचा काष्टा पुढून घातलेला दिसतो, नथ उजव्या नाकपुडीत जाते, मुंडावळ्यांच्या जागी सेहरा येतो. गरब्याचे चित्र मागितले की सगळ्यांच्या हातात टिपऱ्या असतात. टाळ्यांचा गरबा आणि टिपऱ्यांचा रास हा भेद बडोद्यात लहान मुलालाही कळतो. गणपतीची बोटे, हातांची संख्या, कुठल्या हातात काय, हे सगळे मोजून पाहावे लागते. देवाच्या मूर्तीत अशी चूक राहिली तर लोकांचे मन दुखावते, ते पुन्हा छापून भरून येत नाही.

फरसाणाच्या पाकिटांत सर्वाधिक पैसा बुडतो. लीलो चेवडो किंवा भाकरवडीसाठी एआयकडून 'पॅकेट डिझाइन' मागवले की मिळते ते पाकिटाचे छायाचित्र. त्यात घड्या, सावल्या, चकाकी सगळे रंगवलेले असते. छापायला लागते ती सपाट फाइल: पुढची बाजू, मागची बाजू, घडी, सीलची कोरी पट्टी, आणि पॅकिंग मशीनच्या डोळ्याला दिसणारी आय मार्कची खूण. मशीन ती खूण पाहून फिल्म कापते. खुणेच्या वाटेत दुसरे चित्र आले किंवा तिचा रंग पार्श्वभूमीशी मिळाला, की पाकीट मधेच कापले जाते. एका पाकिटाची लांबी छपाईच्या सिलिंडरच्या परिघात पूर्ण पटीत बसावी लागते. ग्रॅव्हुअर छपाईत प्रत्येक रंगाला तांब्यावर कोरलेला आणि क्रोम चढवलेला वेगळा सिलिंडर लागतो. पारदर्शक फिल्मला पांढऱ्या शाईचाही वेगळा थर हवा, नाही तर रंगांतून चेवडा दिसतो. पांढरा कुठे हवा आणि कुठे नको हे एआयच्या चित्रात नसतेच. एक अक्षर चुकले तरी तो सिलिंडर पुन्हा करावा लागतो.

बारकोड एआयने काढलेला असेल तर तो नुसती नक्षी समजावा. ईएएन-१३ बारकोडचे मूळ माप मोकळ्या जागेसह ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर. तो ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून हिशेबाने येतो, रंगवलेल्या बारकोडमध्ये तो जुळत नाही. स्कॅनरचा प्रकाश लाल असल्याने लाल किंवा केशरी रेषा त्याला पांढऱ्याच दिसतात. फिल्म लांबीच्या दिशेने ताणली जाते, म्हणून रेषाही त्याच दिशेने उभ्या ठेवाव्यात. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवे भरीव वर्तुळ. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्तुळ किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४ मिलिमीटर, आणि चौकट वर्तुळाच्या दुप्पट. मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे, एआय मात्र जुने वर्तुळच काढते. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ अंकी असतो, चित्रात अकरा किंवा सोळा अंक येतात. आणि चेवड्याच्या चित्रात एआय सढळ हाताने काजू पेरते. घटकांच्या यादीत काजू नसतील तर ते लेबल ग्राहकाची दिशाभूल करणारे ठरते, आणि उत्तर देण्याची वेळ उत्पादकावर येते.

बोधचिन्हाचे थोडक्यात. एआयचे चिन्ह पिक्सेलचे असते. ते कोरल या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून रेषांत बदलले की एका साध्या वर्तुळाला चारऐवजी शेकडो नोड, म्हणजे रेषेचे जोडबिंदू, पडतात. व्हिनाइल कापणारा प्लॉटर त्या प्रत्येक नोडवर अडखळतो, अॅक्रिलिकच्या अक्षराच्या कडा दातेरी होतात. नव्याने रेखाटणेच बरे. चिन्ह एक सेंटिमीटरला आणि एकाच रंगात छापून पाहावे, वाचता आले तरच पुढे न्यावे. ट्रेड मार्कच्या सार्वजनिक नोंदीत मिळतेजुळते चिन्ह शोधून पाहावे, गुजरातसाठी अहमदाबादचे कार्यालय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती असे कलम २ मध्ये आहे. पण ही तरतूद आजची साधने येण्याआधीची आहे. तेव्हा चिन्हात माणसाचे रेखाटन किती आणि साधनाचे किती, याच्या कच्च्या फाइली जपून ठेवाव्यात.

एआयचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल ही एआयने चित्र भरण्याची सोय आली आणि कडा वाढवणे, नको ती विजेची तार पुसणे ही किचकट कामे क्षणांत होऊ लागली. ग्राहकाला आधी चार दिशा दाखवून मग एकीवर मेहनत घेणे सोपे झाले. दागिन्यांच्या किंवा साड्यांच्या कॅटलॉगला प्रत्येक वेळी वेगळा सेट लावावा लागत नाही. तिथे एकच पथ्य पाळावे लागते. वस्तू स्वतःच्या लेअरवर मूळ फोटोतलीच राहू द्यावी आणि साधनाला मागचा देखावा तेवढा करू द्यावा. संपूर्ण चित्र पुन्हा काढू दिले की नथीतले मोती कमी-जास्त होतात, पैठणीच्या काठावरचा मोर बदलतो, आणि गिऱ्हाइकाला चित्रात नसलेली वस्तू मिळते. मूळ फोटोत उजेड ज्या बाजूने आहे ती बाजू सूचनेत लिहावी, नाही तर वस्तूची सावली एकीकडे आणि देखाव्याची दुसरीकडे पडते. कड २०० टक्के मोठी करून पाहावी. केस, जाळी आणि साखळी इथे अजून हात लावावाच लागतो.

आम्हाला सर्वांत जास्त चिंता नवशिक्यांची वाटते. क्लिपिंग पाथ काढणे (फोटोतली वस्तू कडेने कापून वेगळी करणे), एकाच जाहिरातीची आठ मापे करणे, व्हिजिटिंग कार्ड, साध्या पत्रिका, ही कामे आधी मुलामुलींच्या हाती येत आणि त्यांतूनच हात बसत असे. हीच कामे एआयने पहिल्यांदा घेतली. उरले ते तपासण्याचे काम. पण पेन टूलने शे-दोनशे वस्तू कापलेल्यालाच कड कुठे खोटी आहे ते दिसते, ब्रशने देवनागरी गिरवलेल्यालाच र चा पाय किती झुकायला हवा ते कळते. स्वतः न करता तपासायला बसवलेला नवशिका साधनाचे म्हणणे खरे मानतो. बडोद्यात १९५० पासून ललित कला विद्याशाखा आहे, खासगी वर्गही भरपूर आहेत. तिथे सॉफ्टवेअर शिकवताना अक्षरलेखन आणि छापखान्यातली प्रत्यक्ष उमेदवारी कमी होऊ नये, उलट वाढावी. आणि आम्ही जुन्यांनी आठवड्यातले एक तरी काम साधनाशिवाय, सुरुवातीपासून, नवशिक्याच्या हातून करून घ्यावे, वेळ जास्त लागला तरी. तो वेळ आम्ही द्यायलाच हवा.

पैशांबद्दल स्पष्ट लिहितो. 'चित्र ग्राहकाचे' असले तरी माप बसवणे, रंग फोडणे, मजकूर नव्याने लावणे आणि प्रूफ या चार गोष्टींचा दर ऑर्डरच्या कागदावर वेगळा लिहावा. त्याच कागदावर छपाई कशी, कागद किंवा फिल्म कोणती, पक्के माप काय, कोणता भाग एआयने केला आणि मजकुराला मान्यता कोणी दिली, हेही असावे. चित्राचे पैसे ग्राहकाने वाचवले, त्याची तक्रार नाही. पण दुरुस्ती फुकट होऊ लागली की ती घाईत होते, आणि चुकीची पत्रिका, न वाचला जाणारा बारकोड, वाया गेलेला सिलिंडर हे सगळे तिथून सुरू होते.

एक विनंती आपल्या दैनिकालाही आहे. छोट्या जाहिरातदारांकडून येणारी एआयची चित्रे वृत्तपत्राच्या कागदावर सर्वांत वाईट उमटतात, कारण हा कागद शाई शोषतो आणि चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. जाहिरात स्वीकारताना चित्र आणि मजकूर वेगळे मागावेत, मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा, आणि ही अट जाहिरात विभागाच्या दरपत्रकावर छापावी. जाहिरातदार तेवढे वाचून आले तरी आमच्या टेबलावरचा निम्मा गोंधळ कमी होईल.

आपले,
डिझाइन आणि मुद्रणपूर्व काम करणारी काही मराठी मंडळी,
रावपुरा व दांडिया बाजार, बडोदे